सत्तावीस मिस्ड कॉल

टेलिफोन ही गोष्ट मला कळते. हे मी फुशारकीने सांगत नाही, म्हणजे थोडंसं फुशारकीनेच सांगतो. एकतीस वर्षं मी तालुक्याच्या एक्स्चेंजात काढली. ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर बसलो, खांबांवर चढलो, पावसात तारांचे गुंते सोडवले. निवृत्त झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, या माणसाच्या अंगात रक्ताऐवजी डायल टोन वाहतो. साहेब तसे प्रत्येकाच्या निरोपाला काहीतरी बोलायचे, पण माझ्याबद्दलचं मी लक्षात ठेवलं आणि सुगंधेला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो. सुगंधा म्हणजे माझी बायको. ती म्हणते, म्हणूनच तुम्ही कधी एंगेज असता नि कधी डेड.

तर २००८ साली आमच्या तांबळखोल गावात इंटरनेटवरचे फोन आले, तेव्हा ते सांभाळायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आमचं गाव मालवणच्या अंगाला, सडा म्हणजे वरचं कातळी पठार आणि समुद्र यांच्या मधल्या खळग्यात बसलेलं. टेलिफोनच्या तारा सड्यापर्यंत आल्या आणि तिथेच दमल्या. मोबाइलला रेंज हवी तर अर्धा तास चढून सड्यावर जायचं, वाऱ्यात ओरडून बोलायचं आणि उतरताना आठवायचं की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. शेवटी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने मनावर घेतलं. कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आणि दीडशे छोटे डबे त्यांनी मिळवले. बासष्ट डबे गावातल्या घरांत लागले, बाकीचे मुंबईतल्या चाकरमान्यांकडे. डब्याला साधा फोन जोडायचा, तीन आकडी नंबर दाबायचा आणि लालबागपासून विरारपर्यंत आपल्या माणसांशी फुकट बोलायचं.

कॉम्प्युटर देवळाशेजारच्या वाचनालयात ठेवला. सड्यावरची तबकडी कुडाळहून इंटरनेट पकडायची, आणि वाचनालयातून चार वाड्यांना चार तारा जायच्या. हे सगळं कुडाळच्या किशोरी नावाच्या इंजिनीअर मुलीने दोन दिवसांत बसवून दिलं. जाताना तिने मला बजावलं, "काका, मशीन लहान आहे. एकदम खूप कॉल येऊ देऊ नका. मिनिटाला वीसच्या वर गेले की त्याला झेपणार नाही." मी तिला म्हटलं, बाळ, एकतीस वर्षं मी हेच केलं आहे. त्यावर ती पुढचं काही बोलली नाही. हुशार मुलगी, पण त्या वेळी बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बासष्ट घरांच्या गावात एकदम खूप कॉल येणार कधी? तर वर्षातून एकदा येतात, आणि तो दिवस देवी ठरवते.

आमच्या देवीच्या जत्रेला पंचांगात तारीख नाही. महिना फेब्रुवारीचा, पण दिवस कौलावर. जानेवारीत एका मंगळवारी गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात आणि एकेक तारीख विचारत जातात. पाकळी उजवीकडून पडली की ती तारीख पक्की. तोपर्यंत मुंबईत सगळ्यांचा जीव टांगणीला असतो, कारण रजा, रेल्वेचं तिकीट, मुलांची शाळा, सगळं त्या एका पाकळीवर अडलेलं. कौल झाला की गाव धावत सुटतं आणि जो तो आपल्या माणसाला कळवतो. पूर्वी सड्यावर रांग लागायची. यंदा फोन घरात होता. घरात फोन असताना चढ कोण चढणार?

कौलाच्या आठवडाभर आधी यशोदा वाचनालयात आली. दांडावाडीत ती राहते, समुद्राला लागून. नवरा होडीवर गेला तो परत आला नाही, त्यानंतर डोक्यावर मासळीची टोपली घेऊन तिने एकुलत्या एका मुलीला नर्स केलं. ती प्रियांका आता विरारला असते. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मूल झालं होतं आणि यंदाच्या जत्रेत ते देवीच्या पायावर घालायचा यशोदेचा नवस होता. अडचण एवढीच होती की प्रियांकाच्या हॉस्पिटलात फेब्रुवारीच्या रजांची यादी नेमकी त्याच मंगळवारी दुपारी बाराला बंद व्हायची. बाराच्या आत तारीख कळली तर रजा, नाहीतर पुढच्या वर्षी.

"भाईनू," यशोदा म्हणाली, "त्या दिवशी माजो फोन लागतलो मां?"

"लागतलो गो. काळजी करू नको," मी म्हटलं.

ती गेली, आणि दाराशी थांबून तिने पुन्हा तेच विचारलं. दोन दिवसांनी बाजारात पापलेट तोलता तोलता तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं, आणि तिसऱ्या वेळी तर मी माझ्या खात्यातल्या कारकिर्दीबद्दलही दोन शब्द सांगितले. पापलेटाचं वजन मात्र तिने चोख केलं.

खरं सांगतो, मी पूर्ण तयारी केली होती. एक्स्चेंजात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लाइन अडते ती बोलण्याने. दिवाळीत लोक बोलत बसतात आणि बाकीचे ताटकळतात. मग बोलायचंच नाही! आपल्याकडे मिस्ड कॉल ही सोय आहे, ती मालवणच्या पोराला पाळण्यात शिकवतात. मी ठरवलं, तारीख मिस्ड कॉलने कळवायची. पाच तारीख असेल तर पाच मिस्ड कॉल, सात असेल तर सात. एक रिंग द्यायची, ठेवायचं, परत द्यायची. समोरच्याने उचलायचं नाही, फक्त मोजायचं. लाइनवर एक सेकंदही कुणी बोलणार नाही, म्हणजे मशीनवर भार शून्य. मी ही योजना कागदावर लिहून वाचनालयाच्या दाराला डकवली, मुंबईच्या मंडळाला कळवली, आणि घरी येऊन सुगंधेला समजावून सांगितली. ती तांदूळ निवडत होती. तिने एकच विचारलं, तारीख मोठी आली तर? मी म्हटलं, गेल्या तीन वर्षांत देवी दहाच्या पुढे गेलेली नाही.

मंगळवारी सकाळी नऊला कौल सुरू झाला. देवळात मुंगीला जागा नव्हती. गुरवांनी पहिल्यांदा पाच तारीख विचारली. पाकळी डावीकडून पडली. आठ, डावी. अकराला पाकळी हललीच नाही. चौदा, डावी. एकोणीसला पाकळी उजवीकडे घसरली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ती अर्ध्यावर चिकटून बसली. बावीस, डावी. मी मनातल्या मनात देवीला एक नारळ बोललो. सत्तावीस म्हटल्याबरोबर पाकळी उजवीकडून टपकन खाली आली. सगळ्या गावाने हात जोडले. मीही जोडले, पण माझे जरा वेगळ्या कारणाने.

साडेनऊला देऊळ रिकामं झालं आणि बासष्ट घरांत बासष्ट माणसं फोनला बसली. गुणाकार मी दुसऱ्या दिवशी केला. बासष्ट घरं, प्रत्येकाला कळवायची मुंबईत सरासरी तीन बिऱ्हाडं (एकेक बिऱ्हाड दोन-दोन घरांच्या नात्यातलं), प्रत्येकाला सत्तावीस मिस्ड कॉल. पाच हजार बावीस. सर्वांनी एकाच वेळी सुरुवात केली, कारण एकाच वेळी सुरुवात करण्याइतकी शिस्त आमच्या गावात फक्त फुकटच्या गोष्टींत असते.

पहिली चार मिनिटं सगळं ठीक चाललं. मग मशीनचा पंखा वेगळ्याच सुरात घुरघुरायला लागला आणि फोन लागेनासे झाले. काही कॉल पोचत, काही मधेच विरून जात. परळला अकरा पोचले, तिथल्या मंडळींनी अकरा तारीख धरली. डोंबिवलीला एकोणीस पोचले. भांडुपला कुणीतरी सवयीने फोन उचलून हॅलो म्हटलं, त्यामुळे इकडच्याने चिडून पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. मग परळने खात्री करायला डोंबिवलीला डब्यावरून फोन लावला, डोंबिवलीने भांडुपला, आणि ते कॉलही आमच्याच मशीनवरून जायचे.

अशा वेळी अनुभवी माणूस काय करतो? बटण बंद करून पुन्हा चालू करतो. मीही केलं. मशीन बिचारं डोळे चोळत उठलं मात्र, दीडशेच्या दीडशे डबे एकदम त्याच्या अंगावर आले. त्या डब्यांची तशी रीतच आहे. मशीन जागं झालं की प्रत्येकाने हजेरी द्यायची. रामप्रहरी मास्तरांसमोर दीडशे पोरांनी एकदम 'हजर' म्हणून ओरडावं तसं झालं. दोन मिनिटांत मशीन पुन्हा आडवं. मी आणखी दोनदा बटण दाबून पाहिलं. तिसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा लवकर पडलं.

घड्याळात सव्वादहा वाजले होते. माझ्या डोळ्यांसमोर यशोदा आली, दांडावाडीत फोनसमोर बसलेली, बोटांवर मोजणारी. मी धावत देवळात गेलो आणि जत्रेचा लाउडस्पीकर सुरू केला. स्वच्छ आवाजात, खात्याच्या भाषेत सांगितलं, "ग्रामस्थांना विनंती. फोन यंत्रणेवर भार आल्यामुळे फोन लागत नाहीत. पुढील सूचनेपर्यंत कृपया कुणीही फोन करू नये."

याचा परिणाम असा झाला की ज्यांनी तोवर फोनला हातसुद्धा लावला नव्हता, त्यांनीही उचलून पाहिला, खरंच लागत नाही का म्हणून. माझ्या घरून सुगंधेनेही पाहिला. तिने नंतर कबूल केलं. म्हणाली, तुम्ही सांगितलंत म्हणून खात्री केली.

वाचनालयात दहावीचे निकाल बघायला ठेवलेला दुसरा कॉम्प्युटर होता. त्यावरून मी किशोरीला निरोप पाठवला. मी एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे घडलेला प्रकार सांगायला मला वीस मिनिटं लागली. तिचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. तिने लिहिलं होतं, "काका, मशीनला बोलण्याचा भार नसतोच. बोलणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात परस्पर जातं. मशीन फक्त गाठ घालून देतं. तुम्ही त्याला पाच हजार गाठी घालायला लावल्यात."

मी ते दोनदा वाचलं. एकतीस वर्षं माझ्या आजूबाजूला जरा डगमगली. पुढे तिने लिहिलं होतं की 'आता जागा नाही' एवढं सांगायलाही मशीनला तितकीच मेहनत पडते, आणि उत्तर नाही मिळालं की डबा स्वतःहून पुन्हा पुन्हा विचारतो. तेव्हा मशीनला कितीही दामटून उपयोग नाही, विचारणाऱ्यांनाच त्यांच्या दारात थोपवायला हवं. चारही वाड्यांच्या तारा काढा, मशीनला दहा मिनिटं शांत बसू द्या, मुंबईकडून येणारे कॉल मी इथून अडवते. मग एका वेळी एक वाडी जोडा, वीस-वीस मिनिटं. आणि मिस्ड कॉल नको, काका. एकदाच लावा आणि बोला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी चारही तारा उपसल्या. पंखा हळूहळू शांत झाला. इतका वेळ मशीनजवळ बसून मला त्याची कीव यायला लागली होती. मी लाउडस्पीकरवरून सांगितलं की आता वाडीवाडीने नंबर लागेल, आणि दाराकडे वळलो तर हरिश्चंद्र उभे.

हरिश्चंद्र म्हणजे देवीचे पहिले मानकरी. माणूस सज्जन, पण मानाच्या बाबतीत सुईच्या टोकाएवढीही सवलत नाही. पालखीला पहिला खांदा देऊळवाडीचा, मग मधलीवाडी, मग सड्याखालची वाडी, आणि सगळ्यांत शेवटी दांडावाडी. हा क्रम देवळात कितीतरी पिढ्या चालत आलाय. फोनही त्याच क्रमाने लागणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि ते विचारायला नाही, तर पहिल्या खांद्याचा पहिला फोन करायला आले होते.

मी हिशोब मांडला. साडेअकराला देऊळवाडी, मग मधली, मग सड्याखालची. दांडावाडीचा नंबर साडेबाराला. खात्यात एकतीस वर्षं मी कुणाचाही नंबर कुणाच्या पुढे घातला नव्हता. एकदा तर कलेक्टरांच्या बायकोलाही थांबवलं होतं. साडेअकराला मी दांडावाडीची तार उचलली आणि मशीनमध्ये खोचली.

हरिश्चंद्रांना आधी वाटलं माझी चूक झाली. मग त्यांना कळलं.

"भाई," ते अगदी हळू म्हणाले, "दांडावाडीक पयलो मान? ह्या कधी झाला हा काय गावात?"

"मान देवळात, हरिश्चंद्रनू," मी म्हटलं. "हयसर नुसती वायर आसा."

"वायर गावाची आसा."

"यशोदाय गावाचीच आसा."

हरिश्चंद्र सरळ बाहेर कट्ट्यावर जाऊन पाठ करून बसले. ही गोष्ट गावच्या सभेत निघणार हे मला कळलं. पण तार खोचली होती, आणि ती काढायची माझ्यात ताकद नव्हती.

तोवर मशीन झकास चाललं होतं. दांडावाडीचे कॉल एकेक करून जात होते. प्रत्येक कॉल गेला की पडद्यावर नंबर उमटतो. मी यशोदेचा नंबर शोधत होतो, चारशे सतरा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चारशे सतरा काही उमटेना. माझ्या मनात आलं, बिचारी दमून फोनसमोरून उठली असणार, आशा सोडून बसली असणार. अकरा चाळीसला मी चपला घातल्या आणि दांडावाडीची उतरण धरली. माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी जे काही सांगून ठेवलंय ते सगळं मी त्या दहा मिनिटांत मोडलं.

यशोदेच्या घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं. आत कुणी नव्हतं. टोपली पालथी घातलेली, फोन जागच्या जागी, त्याच्यावर रुमाल झाकलेला. मी दोन हाका मारल्या. बाजूची बाई म्हणाली, ती सकाळीच खंय तरी गेली. मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजून बावन्न मिनिटं. मग मी काहीही विचार केला नाही. रुमाल बाजूला केला आणि प्रियांकाचा नंबर लावला.

दुसऱ्या रिंगला तिने उचलला. मागे बाळ किरकिरत होतं.

"प्रियांका, मी गावातून भाई बोलतोय. सत्तावीस. सत्तावीस तारीख आहे. मेट्रनना लगेच कळव, आठ मिनिटं आहेत."

"हो भाईकाका, कळवली केव्हाच," ती म्हणाली. "आईचा अकराच्या आधीच फोन आला होता. सड्यावरून, कुणाच्या तरी मोबाइलवरून. रजा मिळाली. चार दिवस."

मी जमिनीवरच बसलो. बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी कुणीतरी पायाखालची फळी काढून घेतल्यासारखंही वाटलं. मी विचारलं, आई सड्यावर कशाला गेली?

"गर्दी ओसरू दे म्हणून ती आधी थांबलीच होती. मग तुम्ही लाउडस्पीकरवर सांगितलंत ना, कुणी फोन करू नका म्हणून. ती म्हणाली, भाई एवढे सांगतायत म्हणजे अडचणीत असणार, आपण आणखी भार कशाला घालायचा. आणि काका, तिने मला बजावलंय, तुमचा फोन आला तर लांबण लावायची नाही. मशीन आधीच दमलंय. ठेवते हं." आणि तिने ठेवला.

मी फोन खाली ठेवून त्यावर रुमाल पुन्हा नीट घातला. त्या रुमालाकडे बघताना मला थोडं भरून आलं, हे इथे सांगून टाकतो. बासष्ट घरांना मी कळकळीने विनंती केली होती, आणि ती एका घराने ऐकली. जिच्यासाठी मी जीव टाकत होतो, तिने माझ्यासाठी सडा चढला.

वाचनालयात परत येऊन मी बाकीच्या वाड्या मानाच्या क्रमाने जोडल्या. सगळे फोन पहिल्या फटक्यात लागले. पण प्रियांकाने शेजारी दोघांना सांगितलं होतं, त्या दोघांनी मोबाइलवरून आणखी चौघांना, आणि तोवर सगळ्या मुंबईला सत्तावीस तारीख पाठ झाली होती. हरिश्चंद्रांनी मोठ्या तोऱ्यात दादरला पहिला फोन लावला, आणि पुतण्याने त्यांना सांगितलं की काका, तुमच्या आधी दांडावाडीतून कळलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलतात, पण फक्त पावसापाण्याबद्दल.

दुपारी एकला यशोदा उन्हाने लाल होऊन सड्यावरून उतरली आणि सरळ वाचनालयात आली. पदराने तोंड पुसत तिने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागलो मां तुमचो फोन?"

"लागलो," मी म्हटलं.

"मगे बरा झाला," ती म्हणाली. "माका काळजी लागलली."

आठवड्याने किशोरीने कुडाळहून त्या दिवसाची यादी पाठवली, कुठल्या घरातून मशीनवर किती कॉल आले त्याची. देऊळवाडीत एका घराचे चारशे बारा होते. माझ्या घरून शहाण्णव होते, त्याबद्दल सुगंधा आणि मी अजून बोललेलो नाही. सर्वांत खाली चारशे सतरा होता. त्याच्यासमोर एकच कॉल मांडलेला होता, आणि तो मी केलेला.